तिला कुठे उभं करू

४ ऑगस्ट

प्रति,
गायक,
वाद्यदुरुस्तीचं दुकान.

कामाचं पत्र आहे, म्हणून मायना कामाचा.

सव्वीस ऑक्टोबरला इथल्या सभागृहात तुमचा कार्यक्रम आहे. सभागृहाच्या संयोजक बाई दर मोसमात एक कार्यक्रम बहिऱ्या प्रेक्षकांना बरोबर घेऊन करतात. गाणाऱ्याच्या शेजारी एक दुभाषी उभी राहते आणि गाणं हातांनी सांगते. या वेळी ते काम माझ्याकडे आलं आहे. आपलं नातं बाईंना माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, मग बरंच झालं, तुम्हाला काही विचारावं लागणार नाही. मी म्हटलं, मलाच सगळ्यात जास्त विचारावं लागेल.

तुमच्याकडे फोन नाही, हे त्यांच्याकडूनच कळलं. पत्ता त्यांनीच दिला. तुम्ही आता तुटलेली वाद्यं जोडता, हेही त्यांनीच सांगितलं.

"तुम्ही" म्हणून पाहिलं. दोन परिच्छेद टिकलं. धाकट्या भावाला याहून जास्त वेळ अहोजाहो करता येत नाही.

तर कामाचं. मला सगळ्या गाण्यांचे शब्द आधी हवेत. चाल नसली तरी चालेल. तोंडाला "ती" म्हटलं की भागतं. हातांना भागत नाही. हातांना ती कुठेतरी उभी करावी लागते: डावीकडे, उजवीकडे, जवळ, लांब, खांद्याच्या वर, कमरेच्या खाली. एकदा जिथे उभी केली तिथेच ती गाणं संपेपर्यंत राहते आणि मी तिकडे बोट दाखवत राहते. म्हणून गाण्यातली प्रत्येक "ती" कोण, हे मला कळलं पाहिजे. न कळता उभी केली तर हात खोटं बोलतात, आणि ते सगळ्यांना दिसतं.

हे मी प्रत्येक गायकाला विचारते. तुझ्यासाठी वेगळं काही नाही.

काम नाकारता आलं असतं. नाकारलं नाही, कारण आईनं जाहिरात पाहिली. ती पहिल्या रांगेचं तिकीट काढून येणार आहे. म्हणाली, त्याचं गाणं मी आजवर फक्त स्वयंपाकघरात, तुझ्या हातांवर पाहिलंय, एकदा नीट उजेडात बघू दे.

उत्तराची वाट पाहते.

दुभाषी


२१ ऑगस्ट

गायक यांस,

पाकीट मिळालं. चिठ्ठी नव्हती. पाकीट उलटं करून झटकलं, तरी नव्हती.

सगळी जुनी गाणी आणि एक नवं. जुन्यांबद्दल विचारायची गरज नाही. तुझा कोश माझ्या डोक्यात आहे. लोक त्यांना विरहाची गाणी म्हणतात. वर्तमानपत्रात एकानं लिहिलं होतं की, या कवीच्या प्रेयसीचा चेहरा कधीच दिसत नाही. मी ते वाचून कात्री आणली आणि नंतर कापलं नाही.

"दुपारी येते पाहुणी, घर झोपवून जाते." ते गाणं गाजलं त्या वर्षी आईनं मला विचारलं, लोक टाळ्या वाजवतात ते कशाबद्दल आहे. तू तिच्या पाठीमागे उभा होतास. तू ओठ हलवलेस: मांजर. मी आईला सांगितलं, दुपारी एक मांजर येतं आणि त्याच्याजवळ झोपतं. तिला आवडलं. पुढच्या वेळी ती तुझ्या खोलीवर आली ती मांजरासाठी निळ्या काठाचा वाडगा घेऊन. मांजर कुठे आहे म्हणाली, तर तू खिडकीबाहेर हात केलास. तू त्या वाडग्यात चाव्या टाकायचास.

"दंडावर टाका घालते, उसवलं की पुन्हा घालते." हे मी आईला तिच्याबद्दलचं गाणं म्हणून सांगितलं. जन्मभर शर्टांची काजं केलेल्या बाईला टाका म्हटल्यावर दुसरं काय सांगणार? तिनं कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. बायकांनी तिच्यासाठी ते गाणं लावून ऐकलं आणि माना डोलावल्या. त्यांच्यातल्या एकीला कळलं असावं. तिनं आईच्या हातावर हात ठेवला, असं आईच म्हणाली. का ठेवला ते आईला कळलं नाही.

आपल्या जिन्यातलं भांडण तुला आठवत असेल. नसेलही, तुला उभंही राहता येत नव्हतं. आई वर दारात होती. काय झालं, असं विचारत होती आणि मी हातांनी सांगत होते, ताप. तोंडानं तुला सांगत होते की हे शेवटचं. यापुढे तिनं विचारलं तर मी जे दिसतं तेच सांगेन. तू म्हणालास, मग येऊच नकोस. मी आले नाही.

मंचावर मी मांजर सांगणार नाही. एवढं तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

आता नवं गाणं. तुझ्या अक्षरात आहे तसं उतरवते:

सकाळी उघडते खिडकी
एवढासा पेला, एकच घोट
पांढरी म्हणते, बोल
मी बोलतो, ती सोडते

रांगेत उभी असते ती
हाक मारली तरी वळत नाही
ती उभी म्हणून मी येतो
ती नसती तर आलो नसतो

खाली तू लिहिलं आहेस: शेवटचं कडवं व्हायचंय.

प्रश्न असे. पहिल्या कडव्यातली पांढरी आणि दुसऱ्या कडव्यातली ती, या एकच की वेगळ्या? दुसरी "ती" माणूस आहे का? असेल तर तिला कुठे उभं करू? पेला कुणाच्या हातात आहे? खिडकी आतून उघडते की बाहेरून?

आई तुझ्याच गावात आहे, तिच्या शिवणाऱ्या मैत्रिणीकडे, हे तुला माहीत असेलच. तिला यातलं काही विचारू नये, अशी माझी इच्छा आहे. आपल्या दोघांमधला निरोप्या तिला करायचं नाही, हे आपलं लहानपणी ठरलं होतं. आपण दोघं मिळून तिचे निरोपे होतो.

वेणी
(सही करताना हात आपोआप गेला. खोडत नाही. केस मात्र कापले आहेत. आईनं खुणेनं ठेवलेलं नाव केसांबरोबर कापता येत नाही, म्हणून मी अजून वेणीच. तू अजून खळी आहेस का, गाल राहिला असेल तर?)


२ सप्टेंबर

खळी,

माझंच पत्र परत आलं आणि मागच्या बाजूला तुझं उत्तर. एक शब्द. "वेगळ्या."

एवढ्या प्रश्नांना एक शब्द. न्यायालयात साक्षीदार असं बोलतात तेव्हा मी हात खाली घेऊन न्यायाधीशांकडे पाहते. इथे कुणाकडे पाहू?

मी गाणं बसवायला घेतलं आहे. जुन्या कोशातून काढलं. दुसरीकडून काढायला तू काही दिलं नाहीस.

सकाळी उघडते खिडकी. पूड विकणाऱ्याची खिडकी मी पाहिली आहे. तुला शोधत एकदा गेले होते. खालच्या बाजूला एक फळी सरकते आणि हात बाहेर येतो. पूर्वी ती दुपारी उघडायची, आता सकाळी. म्हणजे वाढलं आहे. एवढासा पेला, एकच घोट: आता सुई नाही, पिण्याचं काहीतरी. पांढरी म्हणते, बोल: पांढरी कोण, ते मला सांगायला नको. ती जीभ सैल करते. मग सोडते, तेही नेहमीसारखं काही तासांपुरतं. आणि रांगेतली. हाक मारली तरी वळत नाही. ती उभी म्हणून तू येतोस. इथे मी बराच वेळ अडले. मग वाटलं, तुझी जुनी पाहुणीच ही. आता ती घरी येत नाही, तुला रांगेत बोलावते आणि तोंडही दाखवत नाही.

तिला मी डाव्या बाजूला उभं केलं, खांद्याहून उंच, पाठमोरी. अशी उभी केली की बघणाऱ्याला थंडी वाजावी.

माझे हात तपासायला एक काका येतात. जन्मतः बहिरे, छापखान्यात जुळारी होते, आता घरी असतात आणि माझ्या चुका काढतात. त्यांनी सगळं गाणं पाहिलं आणि म्हणाले, "तू गाणं सांगतेयस की पोलिसात तक्रार देतेयस?" मी हसले नाही. जाताना म्हणाले, हात घाबरलेत तुझे.

घाबरलेत.

आईशी व्हिडिओवर बोलणं होतं. मागे नेहमी तोच पडदा, तीच खुर्चीची पाठ. मी विचारलं, खळी भेटतो का? म्हणाली, भेटतो. कसा आहे? जेवतो. कधी भेटतो? सकाळी. मी म्हटलं, सकाळी तर तू कधीच सापडत नाहीस. म्हणाली, सकाळी उभं राहायचं काम असतं. मला वाटलं, या वयात मैत्रीण हिला शिवणाच्या तपासणीला उभी करते की काय. विचारणार तोच तिनं पडदा सरळ करायला पाठ फिरवली. बहिऱ्या माणसानं पाठ फिरवली की बोलणं संपतं. लहानपणी तू याचा फायदा घ्यायचास आणि ती त्याहून जास्त घ्यायची.

तिला काही माहीत नाही, खळी. ती तिकीट काढून येणार आहे. पहिल्या रांगेत बसेल, चष्मा पुसेल. आणि जे तिच्यापासून इतकी वर्षं लपवलं ते मी, माझ्या हातांनी, भरल्या सभागृहात तिला सांगणार. मांजर सांगणार नाही, असं मी तुला लिहिलं होतं. तेव्हा मला जुनी गाणी दिसत होती, जुनं दुखणं दिसत होतं. हे गाणं नवं आहे. यातली क्रियापदं आज होणाऱ्या गोष्टींची आहेत.

म्हणून आता दुभाषी म्हणून विचारत नाही. पुन्हा सुरू केलंस का?

केलं असशील तर हे गाणं कार्यक्रमातून काढ. काढणार नसशील तर मी काम सोडते. बाई दुसरी दुभाषी आणतील आणि आईला ते एखाद्या परक्या बाईच्या हातांतून कळेल. मला हे दोन्ही नको आहे. तिसरं काही असेल तर ते तूच सांगू शकतोस, आणि एका शब्दात नाही.

वेणी


११ सप्टेंबर

खळी,

कागद आला. प्रश्नाला उत्तर नाही. रागावला आहेस की नाहीस, तेही नाही. फक्त शेवटचं कडवं.

टाच आपटली, वळली
हातानं म्हणाली, झालं?
हातानं म्हटलं, झालं
चल मग

पहिली ओळ वाचली आणि कागद खाली ठेवला. पुढच्या तीन ओळी मागाहून वाचल्या.

आपल्या घरात टाच आपटूनच हाक मारायची. जेवायला ये म्हणून टाच, दार वाजलं म्हणून टाच, दूध उतू चाललं म्हणून दोन टाचा. खालच्या मजल्यावरचे वर येऊन भांडायचे. हाक मारली तरी वळत नाही, ही ओळ मी दोनशे वेळा हातांनी केली असेल. बहिऱ्या बाईच्या पोटी जन्मले, बहिऱ्यांच्या कामावर पोट भरते, आणि हाक मारूनही न वळणाऱ्या बाईत मला भूत दिसलं. आई नाही दिसली.

काकांना दाखवलं नाही. त्यांनी जन्मभर ऐकवलं असतं.

मग खिडकी कुठली? पांढरी कोण? कळतंय असं वाटतं, पण तुझ्या बाबतीत मला कळतंय असं वाटणं महाग पडलं आहे. मी अर्थ लावणार नाही. येऊन बघते. कधी, ते लिहीत नाही.


१७ सप्टेंबर

खळी,

पहिल्या बसनं आले होते. तू आत होतास, म्हणून तुला माहीत नाही.

तुझ्या गावात नशा सोडवायचं औषध देणारा दवाखाना एकच, तो पुढून मोठा आहे. मी मागच्या गल्लीत गेले, कारण रांग असेल तर मागेच असणार. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर थांबले. खिडकी अजून उघडली नव्हती. लोखंडी पत्र्याच्या उतारावर माणसं उभी होती, कुणी डबा घेऊन कामावर निघालेलं, कुणी मुलाला कडेवर घेतलेलं. मी काय पाहायला आले होते ते मला तेव्हा कळलं. ही माणसं शाळेच्या कार्यालयाबाहेर उभी असतात तशी उभी होती.

पुढून चौथी आई. राखाडी शाल, हातात पिशवी, नाक सरळ पुढे. तुझी जागा धरून.

तू आलास, उशिरा. केस ओले. आणि तू तिला हाक मारलीस. मोठ्यानं, "आई". गल्लीत सगळ्यांनी ऐकलं, तिच्याशिवाय. चाळिशीला आलास तरी बहिऱ्या आईला हाक मारायची खोड जात नाही तुझी. मग पत्र्यावर टाच आपटलीस. सगळी रांग वळली. रांगेतली माणसं पत्र्याच्या दणक्याला सरावलेली दिसतात. वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे बघायला लागली. ती वळली, बाजूला झाली, तू तिच्या जागी उभा राहिलास.

खिडकी उघडली. आत पांढऱ्या कपड्यातली नर्स. पेला एवढासा. तू प्यायलास. तिनं काहीतरी म्हटलं, तू काहीतरी म्हटलंस, तिनं मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. बोलता आलं म्हणजे औषध खरंच गिळलं, तोंडात धरून ठेवलं नाही, हे तिला कळतं. हे मला आईनं नंतर सांगितलं. तू काय बोलतोस ते तिला माहीत नाही. तिची पाठ असते.

मग तुला आतल्या बाकावर थोडा वेळ बसवतात, तेवढ्यात हे झालं.

आई दवाखान्याच्या काचेच्या दाराकडे तोंड करून उभी होती. पाठ माझ्याकडे. मी पायरीवर हललेही नव्हते. तिचा उजवा हात पाठीमागे आला आणि खांद्यावरून खाली उतरला. वेणी. मग बोटं आत वळली. ये.

काचेत सगळी गल्ली दिसत होती. आपल्याला लहानपणी वाटायचं तिला पाठीला डोळे आहेत. तिला फक्त काच कुठे आहे ते माहीत असायचं.

मी रस्ता ओलांडला. जे बोललो ते तुला सांगते, कारण ते तुझ्याबद्दल होतं.

मी विचारलं, किती दिवस चाललंय? म्हणाली, हिवाळ्यापासून. आधी हा एकटा यायचा आणि अर्ध्या वाटेवरून परत जायचा. सकाळी उठणं त्याला जमत नाही, लहानपणीही जमत नव्हतं. म्हणून मी येऊन उभी राहते. आपली जागा कुणी धरली असली की माणूस येतो.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

तिनं पिशवी पायाशी ठेवली. हात मोकळे करून बोलली, म्हणजे लांबलचक बोलणार असं मला वाटलं. लांबलचक नव्हतं.

"तू आली असतीस तर समजावत बसली असतीस. समजावणारे पुष्कळ झाले होते. उभं राहणारं कुणी नव्हतं."

मग तिनं विचारलं, मांजराचं काय झालं?

मी म्हटलं, कुठलं मांजर? ती म्हणाली, "मी बहिरी आहे, नाक शाबूत आहे. त्या खोलीत मांजर कधी नव्हतं. वाडगा दिला तो अशासाठी की तुमच्यापैकी एकाला तरी लाज वाटेल."

टाक्याचं गाणंही तिनं स्वतःहून काढलं. म्हणाली, कारखान्यात त्या बाईनं माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हाच कळलं. मग तू सगळ्यांना कौतुकानं का सांगत राहिलीस, असं मी विचारलं. म्हणाली, "माझ्या मुलानं माझ्यावर गाणं केलंय असं माझी मुलगी सांगतेय. मी काय नाही म्हणू?"

म्हणजे आपण दोघं तिला सांभाळत होतो आणि ती आपल्या दोघांना. तिघंही चांगलेच दमलो असणार.

तू बाहेर यायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, आता जा. मी म्हटलं, त्याला भेटू दे. ती म्हणाली, आज त्याची साधी सकाळ आहे, साधीच राहू दे. मंचावर भेट. मला रुसायला वेळही दिला नाही, पाठ फिरवली. मी कोपऱ्यावरून पाहिलं. तू बाहेर आलास, टाच आपटलीस. ती म्हणाली, झालं? तू म्हणालास, झालं. चल मग. गाण्यात आहे तसंच, एक अक्षर इकडे तिकडे नाही.

परतीच्या बसमध्ये मला झोप लागली. माझा थांबा निघून गेला. डेपोत वाहकानं उठवलं, "बाई, पुढे गाव नाही." मी हसले तर तो जरा लांब सरकला.

मागच्या पत्रातला प्रश्न मी परत घेते. तुझ्या या गाण्यात काही दडवलेलं नाही. खिडकी म्हणजे खिडकी, पेला म्हणजे पेला. तुझ्या शब्दांची ही सवय मला नव्हती. जुना कोश मिटला. या गाण्याला तो लागत नाही.

हात आता ठीक आहेत. काका म्हणाले, "तक्रार मागे घेतलीस वाटतं."

एकच कामाचं. तिला कुठे उभं करायचं ते मी ठरवलं आहे. आधी सांगत नाही. त्या ओळीला दचकू नकोस, गात राहा.

वेणी


२७ ऑक्टोबर

खळी,

काल कार्यक्रम संपल्या संपल्या तू बस गाठलीस. सकाळी खिडकी उघडते, हे आता मला कुणी समजावून सांगायला नको. पण जाताना पडद्याआड तू भुवया उडवून मला विचारलंस की काय झालं, लोक का हसले, आणि उत्तर द्यायला वेळ नव्हता. तुझ्या तोंडावर उजेड होता, तुला समोरचं काही दिसत नव्हतं. म्हणून लिहिते. तू सूर चुकला नव्हतास. तू थबकलास ते मला कळलं, इतरांना कळलं नाही.

आधी जुनी गाणी. पाहुणी मी पाहुणीच सांगितली. दाराशी उभी केली, दुपारी आत घेतली, दंडावर बसवली. आपल्या मनाचं काही घातलं नाही, काही गाळलं नाही. सभागृहात बहिरी माणसं होती ती एकदम स्तब्ध झाली. त्यांच्यातल्या काहींनी ते गाणं घरच्यांच्या तोंडून विरहाचं म्हणून पाहिलं असेल. आईनं चष्मा काढला नाही. मान एकदा खाली केली, एवढंच, आणि पुन्हा वर.

मग नवं गाणं. खिडकी, पेला, घोट, पांढऱ्या कपड्यातली. तिला मी उजवीकडे ठेवली, उंचीला माझ्याएवढी. पुढे तुझी ओळ आली: रांगेत उभी असते ती.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. जे माणूस खोलीत नाही त्याला हवेत जागा द्यायची. जे खोलीत आहे त्याला हवेत उभं करायचं नाही. ते जिथे बसलं आहे तिथेच बोट करायचं. मी पहिल्या रांगेकडे बोट केलं. आईकडे.

आणि आई मागे वळली.

आपल्यामागे कोण आहे ते बघायला. मागच्या खुर्चीवर एक जाडजूड गृहस्थ होते. ते गोंधळले, त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला: मी? मला हात थांबवता येईनात, तू गात होतास: हाक मारली तरी वळत नाही. मी तेच सांगत होते, वळत नाही, आणि ती पूर्ण वळून त्या गृहस्थांकडे बघत होती. आधी तिच्या शेजारची हसली, मग रांग, मग त्या बाजूचे सगळे. बहिरी माणसं हसतात ती आपला आवाज न ऐकता हसतात, म्हणून तुला तो एवढा मोठा वाटला. काका तर खुर्ची बडवत होते.

तेवढ्यात तू शेवटच्या कडव्यावर आलास. टाच आपटली. मी खुणेनं सांगणार होते. सांगितलं नाही. खरंच आपटली. मंच लाकडी आहे, पहिली रांग त्याला खेटून आहे. तिच्या तळपायांना पोचलं.

ती पुढे वळली. माझं बोट तिच्याकडेच होतं. मग तिला कळलं. तोंड कसं झालं ते मी लिहीत नाही, ते लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं, झालं? हे मी तुझ्या गाण्यातलं सांगत होते, पण तिनं बसल्या जागेवरून उत्तर दिलं. झालं. चल मग. तिचं उत्तर आणि तुझी ओळ बरोबर एका वेळी आली. टाळ्या तू ऐकल्यास. बहिऱ्यांच्या टाळ्यांचे हवेत हलणारे हात तुला दिसले नाहीत. सगळे वर होते.

रात्री ती माझ्याकडेच राहिली. उद्या त्याची जागा कोण धरणार, असं मी विचारलं. म्हणाली, रांगेतल्या उंच माणसाला सांगून ठेवलंय, त्याला एवढं कळतं आता. तो उभा असेल. तू पोचला असशील. पोचलास का, असं मी लिहिणार होते. आईनं ते पाहिलं आणि माझ्या हातातलं पेन बाजूला केलं.

सकाळी चहा पिताना मी तिला विचारलं, काल कसं झालं, खरं सांग. तिनं बराच विचार केला. तारीफ करताना ती नेहमी आधी चूक शोधते.

म्हणाली, बाकी ठीक. खिडकी फार मोठी केलीस. सगळ्यांना वाटलं असेल केवढी असेल. एवढीच आहे.

आणि टेबलावर दोन्ही तळहात समोरासमोर धरून तिनं मला खिडकी दाखवली. मधे एक पेला मावेल, आणि पलीकडून कुणी बोल म्हटलं तर ऐकू येईल, एवढी.

वेणी